ओटीपी धुऱ्यावर, तुडतुडे पऱ्हाटीवर

पऱ्हाटीची (कपाशीची) पानं रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी आकसली रे आकसली, की म्हणे कीड ओळखायला ॲप उघडा! वावरात नेटवर्क कुठं? धुऱ्यावर (बांधावर) चढा, ओटीपी येईस्तोवर त्याची मुदत खलास. पानाचा फोटो काढा, तर 'अस्पष्ट आहे, पुन्हा काढा'. अरे, भर उन्हात स्क्रीन दिसते तरी का? अन् मातीनं भरलेलं बोट ती ओळखते?

तुडतुड्यांवरच्या निंबोळी अर्काला पासवर्ड लागतो का? 5 किलो वाळल्या निंबोळ्या कुटा, 10 लिटर पाण्यात रातभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा (इथं आळस केला की पंपाचं नोझल चोंदलंच), 200 ग्रॅम साबणचुरा विरघळवून घाला, पाणी 100 लिटर करा. फवारा संध्याकाळी, उन्हात अर्काचा दम जातो. अख्खं वावर फवारून होतं, तोवर ॲप अपडेटच मागत असतं!