नवीन गोल्फ सेट घेताय? आधी स्विंगचा विषय डोक्यातून काढा

सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा की बॉल उजवीकडे झाडीत जातो तो तुमच्यामुळे नाही. क्लब बाहेरून आत येतो, फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) उघडा राहतो वगैरे कोच लोक सांगणारच, त्यांचं पोट आहे त्यावर. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा आहे. आणि ड्रायव्हर बदलता येतो, स्विंग बदलायला पहाटे उठून सरावाच्या रेंजवर जावं लागतं, ते कोण करणार.

मग कुठला घ्यायचा? सोप्पंय, या वर्षीचा. ड्रायव्हरचं डोकं ४६० सीसीच्या वर नको हा नियम २००४ पासून आहे, फेसवरून बॉल किती उसळावा यालाही मर्यादा आहे आणि मोठ्या कंपन्या त्या मर्यादेला कधीच्याच जाऊन टेकल्यात, पण म्हणून काय झालं, दरवर्षी नवीन मॉडेल येतं आणि ते म्हणे मागच्यापेक्षा दहा यार्ड लांब जातं. वीस वर्षांचे झाले दोनशे यार्ड. तुमचे कुठे गेले? अहो तुम्ही मधली मॉडेलं घेतलीच नाहीत, हप्तेच भरले नाहीत तर व्याज कुठून मिळणार!

२०२४ ला टेन-के नावाचे ड्रायव्हर आले. कशाचे दहा हजार असं विचारलंत तर जडत्व आघूर्ण वगैरे अकरावीचं फिजिक्स निघेल, ते सोडा. अर्थ एवढाच की बॉल फेसच्या कडेला लागला तरी डोकं कमी वळतं. बॉलच्या चार इंच मागे जमिनीत हाणलात तर दहा हजार काय नि दहा लाख काय, पण ते दुकानदाराला कशाला सांगायचं.

खरी गंमत आयर्नमध्ये, म्हणजे मधल्या अंतराच्या नंबरवाल्या क्लबमध्ये आहे बरं का. पूर्वी सात नंबरच्या आयर्नला साधारण ३५ अंशांचा लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा, कमी असेल तितका बॉल लांब) असायचा. आता हौशी लोकांसाठीच्या सेटमध्ये तो २८-२९ पर्यंत आलाय, म्हणजे जुन्या पाच नंबरच्या आसपास, शाफ्टही (दांडा) थोडा लांब केलाय, फक्त खाली आकडा सातचाच ठेवलाय. त्यामुळे दुकानातल्या एसी सिम्युलेटरमध्ये तुमचा सात नंबर एकदम पंधरा-वीस यार्ड पुढे जातो, स्क्रीनवर आकडा झळकतो, मागे उभा असलेला पोरगा 'वाव सर' म्हणतो आणि तुम्ही कार्ड काढता. काढाच. फक्त घरी आल्यावर लॉफ्टचा तक्ता बघू नका, कारण पिचिंग वेजही (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचे क्लब) आता ४३ अंशांवर आलाय, सँड वेज मात्र बिचारा अजून ५६ वरच आहे आणि मधल्या तेरा अंशांत काय मारायचं हे कुणालाच माहीत नाही. त्यासाठी गॅप वेज मिळतो. वेगळ्या पैशात. गॅप कोणी पाडली हे मात्र विचारायचं नाही.

हँडिकॅप २८ असेल, म्हणजे खेळ अजून कच्चाच असेल, तर मी म्हणतो सरळ ब्लेडच घ्या, मध्य चुकला की अजिबात माफ न करणारे आयर्न. पातळ, चकचकीत, टायगर वुड्स वापरतो तसले. नेमका मध्यावर लागला तर लोण्यासारखा जातो म्हणतात, तुम्हाला तो अनुभव वर्षातून एकदा येईल पण बॅग तर रोज दिसते ना. शाफ्ट स्टिफ, म्हणजे जोरात मारणाऱ्यांसाठीचा कडक. साठी उलटली, गुडघा बोलायला लागला तरी स्टिफच, सीनियर फ्लेक्सचं (वयस्करांच्या लवचीक शाफ्टचं) नाव काढणारा क्लब-फिटर तुमचा हितशत्रू समजा. बॅगेत १४ क्लब नियमात बसतात म्हणून चौदाच्या चौदा भरा, वापरणार पाच, उरलेले नऊ कॅडीच्या खांद्यावर.

आणि हो, त्या कॅडीला काही विचारू नका. खारघरचा कोर्स असो की येरवड्याचा, तीन होलमध्ये त्याला तुमचं सगळं कळलेलं असतं, तरी 'साहेब, वारा होता' म्हणतो. मोठा माणूस आहे तो.

पटरवर, म्हणजे बॉल होलात ढकलायच्या क्लबवर पैसे घालवू नका. पार ७२ च्या, म्हणजे ७२ शॉट्समध्ये संपवायच्या कोर्समध्ये १८ होलचे दोन-दोन पट (पटरचे फटके) धरून ३६ शॉट्स, म्हणजे निम्मा पार, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) धरलेला असतो, पण चार फुटांचा पट पडल्याचा व्हिडिओ कोण बघतं? बॉल मात्र प्रो लोकांचाच, युरेथेन कव्हरवाला. ग्रीनवर पडला की जागच्या जागी थांबतो म्हणतात. तुमचा तळ्यात पडतो आणि तिथेही जागच्या जागीच थांबतो, कंपनीने दिलेला शब्द पाळलाच की.

राहिला जुना सेट. ऑफिसात कोणी ना कोणी नुकतं प्रमोशन मिळालेलं असतंच, आता गोल्फ शिकायला हवं असं त्याला वाटत असतं. त्याला गाठा, 'दोनच सीझन वापरलाय रे, तुला म्हणून देतो' म्हणा, उंची बघून 'स्टिफ तुलाच सूट होईल' हेही सांगून टाका. कोचचा नंबर मात्र चुकूनही देऊ नका. पोरगं खरंच खेळायला शिकलं तर पुढच्या वर्षी तुमचं टेन-के कोणाच्या गळ्यात मारणार?