नवगावच्या कबरस्तानाविषयीच्या आक्षेपाला उत्तर

महोदय,

अलिबागजवळच्या नवगाव येथील बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, कबरस्तानावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिलेत की, गलबत फुटून त्यांच्या पूर्वजांची सात जोडपी किनाऱ्याला लागली ही भाकडकथा आहे, तिथल्या दोन जुन्या उंचवट्यांवर एकही कोरीव अक्षर नाही, तेव्हा ती इतिहास म्हणून खपवू नये. अलिबागच्या सिनेगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे) वर्ष मी 1840 दिले होते, ते 1848 हवे. ही चूक मला मान्य आहे. ती दुरुस्त केली आहे.

परंतु 'भाकडकथा' आणि 'खपवणे' हे शब्द मला लागले. मी काही विकायला बसलेलो नाही. माझे आजोळ थळचे. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनिवार तेल्यां'बद्दल मी प्रथम आजीकडून ऐकले, आणि त्या उंचवट्यांवर गुरे चढू देऊ नयेत, तिथे बुडालेली माणसे निजली आहेत, हेही तिनेच बजावले होते. तिला खोटे बोलून काय मिळवायचे होते, हे आपणच सांगावे.

कोरीव अक्षरांविषयी आता बोलतो. परंपरा सांगते की, समुद्राने बाहेर टाकलेली पुरुषांची प्रेते एका उंचवट्याखाली आणि स्त्रियांची दुसऱ्याखाली पुरली गेली. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ बुडाले, पुढे हिब्रूही विसरली आणि 'शेमा' ही एवढी एक प्रार्थना ओठांवर राहिली. अंगावरच्या ओल्या वस्त्रांखेरीज ज्यांच्यापाशी काहीच उरले नव्हते, त्यांनी परक्या किनाऱ्यावर पाथरवट शोधून शिलालेख करवून घ्यायला हवा होता, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने? त्यांनी आपली ओळख दगडावर नव्हे, आडनावांत ठेवली: किहीमचे केहिमकर, दिवे आगरचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. हाती बळ आल्यावर त्यांच्यातल्याच सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग उभारले. त्याआधीच्या शतकांची अक्षरे मागणे म्हणजे गरिबाकडे त्याच्या गरिबीचा दस्तऐवज मागणे होय.

सातच जोडपी कशी, या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्यांच्या आगमनाचा मानलेला इ.स.पू. 175 हा काळ कितपत खरा आणि जनुकीय तपासण्या काय म्हणतात, हे आपले उरलेले प्रश्न तज्ज्ञांनी पाहावेत. मी त्यांत शिरत नाही.

दिवाळीनंतर गवत वाळले की मी नवगावला जातो. आपणही अवश्य यावे, मात्र त्या दोन उंचवट्यांपाशी उभे राहून 'भाकडकथा' हा शब्द उच्चारू नये.