मंगळवारी, नाहीतर गुरुवारी

परवा माझं पेन जप्त झालं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

दक्षिण इंग्लंडातल्या एका दफ्तरखान्यात जुनी पत्रं उतरवून द्यायचं बिनपगारी काम मी हौसेनं अंगावर घेतलंय. तिथे शाई चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. फोन लॉकरमध्ये. पत्र मात्र फोमच्या उशीवर निजवायचं. इतके लाड आमच्याकडे बाळंतिणीचेच होतात.

पत्र १८४० च्या आधीचं, एका जमीनदाराच्या बायकोनं बहिणीला लिहिलेलं. तेव्हा टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानंच भरायचे, तेही कागद किती आणि अंतर किती ते बघून. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरणार, म्हणून नुसती घडी आणि लाखेचा ठिपका. पान भरलं की ते आडवं फिरवायचं आणि लिहिलेल्यावरच पुन्हा लिहायचं. खाटेची नवार परवडली. तीन तास डोळे फोडून हाती काय लागलं? धाकट्याचा खोकला बसला. नणंद मंगळवारी येईल, नाहीतर गुरुवारी. भाऊ गाडी घेऊन आला तर, कारण बिनलग्नाच्या बाईनं एकटीनं प्रवास करायचा नाही. आली की तीन आठवडे राहील. शेजाऱ्यांना जेवायला पौर्णिमेच्या सुमारास बोलावलंय, परतताना रस्ता दिसावा म्हणून.

आणि हे बहिणीनं पैसे मोजून सोडवून घेतलं! आमच्या मामी हेच सगळं व्हॉट्सॲपवर फुकट कळवतात. ‘बघू गं, जमलं तर येतो, तू काही करू नकोस.’ मला फिसकन हसू आलं.

‘श्श!’ शेजारच्या टेबलावरून. ट्वीडचा कोट, कोपरांना चामड्याची ठिगळं, हातात भिंग. पाच मिनिटांनी तेच आजोबा खुर्ची सरकवत जवळ आले आणि कुजबुजायला लागले. कुजबूज अशी, की पलीकडच्या दोघांनी माना वर केल्या. त्यांचे खापरपणजोबा म्हणे याच घरी एकदा जेवायला गेले होते. सोळा वर्षं आजोबा त्या एका जेवणाचा पुरावा शोधतायत.

‘बदक होतं. माझी खात्री आहे.’

‘कशावरून?’

‘आमच्या घरात सगळ्यांना बदक आवडतं.’

यावर काय बोलणार? मी मान डोलावली. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि अगदी मायेनं विचारलं, ‘आणि तुमचं? तुमच्यापैकी कुणी त्या घरात कामाला होतं का?’

कामाला! आमचे खापरपणजोबा स्वतःची जमीन राखून होते, दारात चार बैल होते, हे सांगायला तोंड उघडलं तर काउंटरवरून ‘श्श’ आलं. मलाच. बसमध्ये तीन झकास उत्तरं सुचली. अजून सुचतायत.

काल तेच पत्र पुन्हा काढलं. समासात, उभ्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात आजोबांचं आडनाव होतं. बोलावलं होतं, आले नाहीत, निरोपही नाही.

बदकाचा उल्लेख नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही मी.