‘३२ जीबी रॅमशिवाय फोटोशॉप चालतच नाही’ म्हणे!

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरतात. एक, ‘अमुक तारखेला कॅन्डिडवाला मोकळा आहे का’ आणि दुसरी, रॅमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीचा, तो लांबलचक मेसेज. जळगावहून निघतो, शिरपूर-शहाद्यापर्यंत जातो आणि दोन नवीन इमोजी घेऊन परत येतो.

मजकूर थोडक्यात असा: फोटोशॉपला कमीत कमी ३२ जीबी रॅम लागतेच, प्रोफेशनल असाल तर ६४. रॅम दुप्पट केली की वेग दुप्पट, एक्स्पोर्ट (तयार फोटो फाइल म्हणून बाहेर काढणं) निम्म्या वेळात. सेटिंगमध्ये फोटोशॉपला १०० टक्के रॅम देऊन टाका. रॅम भरपूर असेल तर विंडोजची पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) बंद करा, स्क्रॅच डिस्कची (फोटोशॉपची डिस्कवरची तशीच जागा) काळजी सोडा. रॅम भरलेली दिसली की क्लीनर चालवा. आणि मॅक (ॲपलचा कॉम्प्युटर) घेतलात तर ८ जीबीतच १६चं काम होतं.

मी अल्बम डिझाइनचं काम करतो. सीझनमध्ये ‘भाऊ, कॉम्प्युटर हँग व्हई ऱ्हायना (हँग होतोय), रॅम टाकू का?’ असे फोन येतात, आणि निम्म्या वेळा दुखणं रॅमचं नसतं. त्यात २०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव असे चढलेत की फुकटची रॅम टाकणं परवडणारं राहिलेलं नाही. म्हणून एकेक दावा तपासू.

‘३२ जीबी लागतेच.’ सॉफ्टवेअर बनवणारी ॲडोबी स्वतः फोटोशॉपसाठी किमान ८ जीबी मागते आणि १६ किंवा जास्त असावी असं सुचवते. लाइटरूम क्लासिक या तिच्याच फोटो सुधारून बाहेर काढायच्या सॉफ्टवेअरचंही तेच. पण कंपनीचा आकडाही बाजूला ठेवू, कारण खरा हिशोब पिक्सेलांचा आहे आणि तो कागदावर मांडता येतो.

२४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल. कार्डावर त्याची जेपीईजी दहाएक एमबीची दिसते, पण ती दाबून बसवलेली असते. फोटोशॉपमध्ये उघडली की प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट लागतात आणि तोच फोटो ७२ एमबीचा होतो. १६ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाला दुप्पट जागा देऊन, काम करत असाल तर १४४. आता अल्बमची नेहमीची १२ बाय ३६ इंचांची शीट घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलची, म्हणजे ८ बिटमध्ये सुमारे ११७ एमबी. त्यावर प्रत्येक फोटोचा लेअर (थर) आपल्या जागेपुरती मेमरी वेगळी घेतो. कर्व्ह्जसारखा, फक्त उजेड-रंग बदलणारा ॲडजस्टमेंट लेअर मात्र जवळजवळ काहीच घेत नाही. हिस्टरीत, म्हणजे केलेलं काम मागे घेता यावं म्हणून, मुळात ५० पायऱ्या जपलेल्या असतात. लहानसा डाग काढलात तर तेवढाच तुकडा साठतो, पण अख्ख्या शीटवर फिल्टर मारला की अख्खी शीट पुन्हा साठते. हे सगळं धरून माझ्याकडची एक शीट साधारण दीड-दोन जीबीत बसते.

मग १६ जीबीचं मशीन अडकतं कुठे? ऑपरेटर अख्ख्या अल्बमच्या शीटा एकदम टॅबमध्ये उघडून ठेवतो, मागे लाइटरूम चालू, क्रोममध्ये पंधरा पानं, व्हॉट्सॲप वेब, वर यूट्यूबवर गाणी. तिथे ३२ टाका नाहीतर शीटा बंद करा. दुसऱ्या उपायाला पैसे पडत नाहीत.

८ जीबीवाल्यांसाठी मात्र हा मेसेज पूर्ण चुकीचा नाही. विंडोज ११ आणि ब्राउझर मिळून तीन-चार जीबी काम सुरू व्हायच्या आधीच खाऊन बसतात. ८वरून १६वर जाणं हा बहुतेक स्टुडिओंसाठी सर्वात फायद्याचा खर्च आहे, आणि तो फरक डोळ्यांना दिसतो.

३२ खरंच कोणाला लागते, तर जळगावच्या सराफ बाजारासाठी दागिन्यांचे फोटो काढणाऱ्यांना. अंगठी जवळून टिपली की एका फोटोत तिचा हिरा शार्प येतो आणि मागची कडी धूसर. म्हणून फोकस पुढे-मागे सरकवत वीस-पंचवीस फ्रेम घेतात आणि फोटोशॉपमध्ये लेअर म्हणून रचून एकत्र करतात. २४ मेगापिक्सेलच्या २५ फ्रेम १६ बिटमध्ये म्हणजे ३.६ जीबी. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर पावणेसात जीबीच्या आसपास. आणि हे फक्त रचून ठेवायला. जुळवणी, ब्लेंडिंग आणि मास्क त्याच्या वर. या कामाला १६ जीबी अपुरी पडते आणि ३२ घेणाऱ्याला मी अडवणार नाही. सातपुड्याचा पंधरा-वीस फ्रेमचा पॅनोरामा जोडणाऱ्यांचंही तसंच. ६४ची बात व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी करावी.

याच्या उलट टोकाला आपला फ्लेक्सवाला. नेत्याचा वाढदिवस, २० बाय १० फुटांचा फ्लेक्स, आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की क्वालिटीसाठी ३०० डीपीआयच ठेवायचा. हिशोब करा: २४० इंच गुणिले ३०० म्हणजे ७२,००० पिक्सेल लांबी, ३६,००० रुंदी. २५९ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये (छपाईचे चार रंग) प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एकही लेअर न चढवता दहा जीबीच्या वर. शिवाय फोटोशॉपच्या पीएसडी फाइलला एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे, त्यामुळे ती त्या स्वरूपात सेव्हही होत नाही. हाच फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर सुमारे ६०० एमबीत मावतो, आणि चौकात खाली उभं राहून वर बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही. इथे ६४ जीबी रॅम टाकणं म्हणजे चुकीच्या आकड्याचा हप्ता भरणं.

‘रॅम दुप्पट, वेग दुप्पट.’ मेसेजमधला सर्वात महागडा गैरसमज हाच. रॅम कमी पडत असेल तर फोटोशॉप उरलेला माल डिस्कवर ठेवतं. तिला स्क्रॅच डिस्क म्हणतात. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या सेकंदाला कागदोपत्री ५१ जीबी डेटा हलवतात, जुनी हार्ड डिस्क जेमतेम दीडशे एमबी. म्हणून काम डिस्कवर गेलं की मशीन रांगतं, आणि तेव्हा रॅम वाढवली की उड्या मारतं. पण काम आधीच रॅममध्ये मावत असेल तर वरची रॅम रिकामी पडून राहते.

आपलं काम मावतं की नाही हे ओळखायला दुकानदार लागत नाही. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डावीकडे फाइलचा आकडा दिसतो, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. नेहमीचं काम करत असताना तिथे १०० टक्के टिकून असेल तर रॅम पुरेशी आहे. आकडा वारंवार घसरत असेल तर काम डिस्कवर चाललंय, तेव्हा रॅमचा विचार करा. ग्रुपवर विचारण्याआधी एवढं बघितलं तरी निम्मे प्रश्न सुटतील.

एक्स्पोर्टचं म्हणाल तर लग्नाचे हजार फोटो लाइटरूममधून बाहेर काढणं हे मुख्यतः प्रोसेसरचं काम, अलीकडे त्यात ग्राफिक्स कार्डाची मदत. २०२३मध्ये आलेलं, फोटोतले दाणे काढणारं एआय डिनॉइज जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते रखडणारच, रॅम कितीही असो. आणि एआयने चित्र भरणारं जनरेटिव्ह फिल तर तुमच्या मशीनवर चालतच नाही, फोटो ॲडोबीच्या सर्व्हरवर जाऊन येतो. ते अडकलं तर ब्रॉडबँडवाल्याला फोन करा.

रॅम न वाढवताही थोडा वेग मिळण्याची एक जागा आहे. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर मेमरी एकाच चॅनलवर (डेटाच्या वाटेवर) चालते; ८च्या दोन टाकल्या तर दोन. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक जास्त जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून खातं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. तेही बघून ठेवा आणि पट्टी डीडीआर४ आहे की डीडीआर५ तेही, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

आणि मशीन मंदावण्याचं आपल्याकडचं खास कारण या मेसेजमध्ये नसतंच: ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४३-४५ला जातो आणि लग्नसराईही तेव्हाच. पत्र्याखालच्या स्टुडिओत लॅपटॉप गादीवर ठेवलेला, पंख्याच्या जाळीत धूळ. जिनिंगच्या आसपास असाल तर कापसाची बारीक तूसही. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सकाळी पळणारं मशीन दुपारी तीनला रडतं ते यामुळे, आणि नाव मात्र रॅमचं. दुपारी एक्स्पोर्ट लावून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेग बघा; काम जोरात चालू असताना तो मूळ वेगाच्या खाली पडत असेल तर पंखा साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. मोठे एक्स्पोर्ट रात्री लावा. कूलरसमोर लॅपटॉप ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो पाण्याचा कूलर आहे.

‘फोटोशॉपला १०० टक्के द्या.’ मुळात ते साधारण ७० टक्क्यांवर असतं आणि ८५च्या वर नेऊ नका असं ॲडोबीच सांगते. विंडोजला काही उरलं नाही तर तेच डिस्कवर जातं आणि सगळंच मंदावतं.

‘पेजफाइल बंद, स्क्रॅचची काळजी नको.’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेजफाइल विंडोजची, स्क्रॅच फोटोशॉपची. प्रोग्राम प्रत्यक्ष वापरतात त्याहून जास्त मेमरी आधीच राखून मागतात, आणि विंडोज ती रॅम अधिक पेजफाइल या बेरजेतून देतं. पेजफाइल काढली की रॅम शिल्लक दिसत असतानाही प्रोग्राम बंद पडू शकतात. स्क्रॅचशिवाय तर फोटोशॉपचं चालतच नाही. ‘स्क्रॅच डिस्क फुल’ आलं की लोक रॅम विकत घेतात. प्रत्यक्षात २५६ जीबीच्या एसएसडीवरच्या सी ड्राइव्हमध्ये मागच्या तीन सीझनची लग्नं पडलेली असतात. ती हलवा. तरीही आलं तर क्रॉप टूलमध्ये रेझोल्युशनचं एकक बघा. ३०० पिक्सेल प्रति इंचाऐवजी प्रति सेंटिमीटर राहिलं असेल तर तीच १२ बाय ३६ची शीट साडेसहा पट होते, ११७ एमबीची साडेसातशे. असं मशीन बघितलं की पहिलं मी तिथेच क्लिक करतो.

‘रॅम भरली, क्लीनर चालवा.’ नको. फोटोशॉप फाइल बंद केल्यावरही घेतलेली रॅम सोडत नाही, पुढच्या फाइलसाठी धरून ठेवतं. भरलेली रॅम हे बिघाडाचं लक्षण नाही. क्लीनर तीच माहिती डिस्कवर ढकलतो आणि पुढच्या क्लिकला ती परत आणावी लागते. फारच अडलं तर एडिट मेनूतलं ‘पर्ज’ वापरा, पण हिस्टरी जाते हे लक्षात ठेवून.

राहिला मॅक. ८ म्हणजे १६ हे वाक्य ॲपलच्याच एका अधिकाऱ्याने २०२३मध्ये अशाच अर्थाने वापरलं होतं. मॅकचं मेमरी हाताळणं आणि डिस्क वेगवान आहेत हे खरं, पण ७२ एमबीचा फोटो तिथेही ७२ एमबीच घेतो, आणि ग्राफिक्सही त्याच मेमरीतून खातं. पुढच्याच वर्षी, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, ॲपलने नव्या मॅकची किमान मेमरी १६ जीबी केली. सेकंडहँड ८ जीबीचा मॅकबुक कोणी स्वस्तात देत असेल तर एवढं बघा की त्यात मेमरी नंतर वाढवता येत नाही.