कागद कुणाकडे ठेवलायस?

दुपारी लिहायला बसले तेव्हा नुसता संताप उतरला होता. सगळं पुसलं. आता रात्री पुन्हा लिहितेय, तरी अजून डोकं शांत नाही.

एक व्हिडिओ बघितला. एक पोरगा एकटाच गाडी घेऊन वाळवंटात आत गेलाय, चारी बाजूंना वाळू, आणि तो सांगतोय की प्लॅन फाडून टाका, वाट नेईल तिकडे जा, हीच खरी भटकंती. खाली हजारो बदाम. असे व्हिडिओ रोज येतात, मी पुढे सरकते. पण हा मला पाठवला माझ्या सख्ख्या भाच्यानं. सोबत लिहिलंय, 'मावशी, पुढच्या महिन्यात आम्ही पण अस्संच!' आम्ही म्हणजे तो, त्याचा एक मित्र आणि एकच गाडी.

ताईचा मुलगा हा. त्याच्या आईनं माझ्यासाठी जी रात्र काढली, त्या रात्री हा आतल्या खोलीत झोपलेला होता, चार वर्षांचा.

जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. चौदा वर्षं झाली. मी आणि नवरा, एक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, तीन दिवसांची वाळवंटातली वाट. जागेचं नाव लिहीत नाही, लिहिलं की कमेंटमध्ये लोकेशनचीच चौकशी सुरू होते. निघण्याआधी मी एक कागद केला. रोजची वाट, मुक्काम कुठे, गाडीचा रंग आणि नंबर, सोबत पाणी किती. शेवटची ओळ: 'तिसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळव.' तो कागद ताईकडे दिला. तिनं तो फ्रिजवर लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतताना डावीकडे एक चाकोरी फुटलेली दिसली. लांबवर खडकांची सुंदर रांग. अर्ध्या तासात बघून येऊ म्हणून वळलो. अकरा किलोमीटर आत एका टेकाडावरून उतरताना गाडी मऊ वाळूत घसरली आणि पोटावर बसली. चारही चाकं नुसती फिरत होती. सकाळचे दहा वाजले होते.

ती चाकोरी कागदावर नव्हती.

आता कुणी म्हणेल, टायरमधली हवा कमी केली नव्हती का? केली होती, पण पुरेशी नाही. रस्त्यावर पस्तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास असते ती मऊ वाळूत अठराच्या जवळ आणायची, अडकलोच तर अजून खाली, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी वाळूत घुसण्याऐवजी वर तरंगते. आम्ही पंचविसावर थांबलो, कारण पुन्हा हवा भरायचा कंटाळा. हे ज्ञान काही नवीन नाही. बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश अधिकारी १९२० आणि ३० च्या दशकांत साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरायचा. टायरची हवा कमी करणं, चाकांखाली लोखंडी पट्ट्या घालणं, रेडिएटरची वाफ डब्यात धरून तेच पाणी परत वापरणं, सूर्याच्या सावलीवरून दिशा काढणं, हे सगळं तो करायचा. त्याच्याकडे उपग्रह नव्हता. मोजणी, वही आणि शिस्त होती. माणूस इतक्या आत जाऊन परत येत होता तो प्लॅन फाडून नव्हे.

गाडी अडकल्यावर आम्ही दोन तास खोऱ्यानं वाळू उपसली. भर उन्हात! एवढी मोठी चूक दुसरी नाही. अंगातलं पाणी तासाला लिटरभर घामावाटे निघून जातं. माणशी दिवसाला चार लिटर हा हिशेब सगळे सांगतात, पण तो शांत बसलेल्या माणसाचा, खोरं चालवणाऱ्याचा नाही. गाडी खणायची तर पहाटे किंवा संध्याकाळनंतर. आणि पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये कधी भरू नये, तो एक फुटला की सगळं गेलं. आमच्याकडे हिशेबापेक्षा वीस लिटर जास्त होतं. ते घेतलं कारण ताई म्हणाली होती, 'घे गं, गाडीला काय ओझं.'

बारा वाजता नवरा म्हणाला, मी चालत जातो, अकराच किलोमीटर आहेत.

अकराच. सकाळी फिरायला जाणारा माणूस सहज चालतो एवढं. म्हणून तर लोक निघतात. मी त्याचा शर्ट धरून ठेवला, अक्षरशः. आमच्या लग्नातलं सगळ्यात मोठं भांडण त्या गाडीच्या सावलीत झालं. मी एकच वाक्य बोलत राहिले, ताईकडे कागद आहे, ती नऊला फोन करणार. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीला सावली आहे, आरसा आहे, टायर आहे जो जाळला की काळा धूर होतो. शेवटी तो बसला. आम्ही ताडपत्री बांधली, सीट काढून त्यावर बसलो, कारण उन्हातली वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, तिच्यावर अंग टाकायचं नाही.

अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटातलं एक कुटुंब मला नेहमी आठवतं. जुलै १९९६. जर्मनीहून आलेली चार माणसं, त्यात दोन लहान मुलं, भाड्याची साधी व्हॅन, आणि आतला खडबडीत रस्ता. व्हॅन सापडली ऑक्टोबरमध्ये, तीही योगायोगानं, टायर बसलेले, माणसं नाहीत. मोठ्या दोघांचे अवशेष मिळाले २००९ साली. तेरा वर्षांनी. ती माणसं गाडी सोडून चालत निघाली होती. कुठे शोधायचं हे कुणालाही माहीत नव्हतं. हे लिहितानाही मला त्या मुलांचं पाणी किती उरलं असेल तेच दिसतं.

मग कुणीतरी मला सांगतं की नकाशा बघून जाणं म्हणजे भटकंतीचा आत्मा मारणं. नाही रे बाबा. ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटात अकराशेच्या वर टेकाडं ओळीनं उभी आहेत. तिथे गाडीला उंच काठीवर झेंडा लावणं सक्तीचं आहे, कारण पलीकडून चढणारी गाडी माथ्यावर येईपर्यंत दिसत नाही. भर उन्हाळ्यात तिथला पार्क चक्क बंद ठेवतात. त्या लोकांना वाळवंट आवडत नाही म्हणून? त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणून!

मान्य, आता फोनवरूनही उपग्रहामार्फत मेसेज जातो आणि बीकनचं, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचं, बटण दाबलं की जागा कळते. आमच्याकडे तेव्हा ते नव्हतं. बीकन घ्याच, मी भांडून सांगते. पण उन्हात फोन तापून बंद पडतो. आणि बटण दाबायला एक शुद्धीवरचं माणूस लागतं. ताईच्या फ्रिजवरच्या कागदाला आमच्या शुद्धीची गरज नव्हती.

हेही मान्य की कधीकधी वाट बदलावी लागते. कोरड्या नदीला पाणी येतं, मिठाच्या दलदलीवर वरची पापडी कोरडी आणि खाली चिखल निघतो. बदला मग. पण माघारी फिरा, जिथे रेंज आहे तिथे या, कळवा आणि मग जा. खडकांची रांग सुंदर दिसतेय हे कारण नाही. मला ते कारण वाटलं होतं. म्हणून मला एवढा राग येतोय बहुतेक.

कारण पुढे काय झालं ते ऐका. ताईनं नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, सकाळपर्यंत वाट बघा, येतील. तिनं वाट बघितली नाही. रात्रभर दर तासाला फोन. शेवटी पहाटे माणसं निघाली आणि कागदावरच्या वाटेनं गेली, बरोब्बर मी लिहिलेल्या वाटेनं. आम्ही तिथे नव्हतो. अख्खी सकाळ त्यांनी रिकाम्या वाटेवर शोधलं. दोन गाड्या, सहा माणसं, त्याच उन्हात, माझ्या अर्ध्या तासाच्या हौसेसाठी. दुपारी कुणाला तरी डावीकडे वळलेल्या टायरच्या खुणा दिसल्या. वारा पडलेला होता म्हणून त्या उरल्या होत्या. चार वाजता त्यांची गाडी दिसली. तीस तास झाले होते. पाणी नऊ लिटर उरलं होतं.

त्यातला वयस्कर माणूस ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, 'या चाकोरीबद्दल कुणाला सांगितलं होतंत?'

त्यांनी आमची गाडी ओढायच्या आधी आम्हाला लांब उभं केलं. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, दोर लावायचा नाही, तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि माणूस मरतो, हेही मला तेव्हा कळलं. म्हणजे तोवर आम्ही किती गोष्टी न कळता आत घेऊन गेलो होतो.

ताईला फोन केला तेव्हा ती काहीच बोलली नाही. मागे भाच्याचा आवाज येत होता, आई का रडतेय म्हणून विचारत होता.

त्या भाच्यावर मी आज दुपारी फोनवर ओरडले. जास्तच बोलले. तो गप्प ऐकत होता, शेवटी म्हणाला, 'मावशी, आईनं मला हे कधीच नीट सांगितलं नाही.' मग मला कसंसंच झालं. वाळवंटाचं वेड त्याला माझ्याच फोटोंतून लागलंय. पहाटेची थंड, घट्ट वाळू, तिच्यावरून गाडी आवाज न करता जाते ती गंमत मीच त्याला सांगितली आहे. ही रात्र मात्र आम्ही दोघी बहिणी गिळून बसलो. जाऊ नकोस असं मी त्याला म्हणणार नाही, म्हणू शकत नाही.

आत्ता साडेदहाला त्याचा मेसेज आला. दोनाऐवजी चौघं जाणार, दुसरी गाडी मिळतेय, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर कुठला घेऊ. आणि खाली, 'कागद कुणाकडे ठेवू? आईला टेन्शन येईल.'

माझ्याकडे ठेव म्हणून कळवलंय. शेवटच्या ओळीत तास लिही, 'संध्याकाळी' असं लिहू नकोस. आणि वाटेत खडक दिसले तर लांबून फोटो काढ.