एकतीस आणि अकरा

अलिबागच्या भावोजींनी फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच हिशेब मांडला: भारताने घेतलेले ३१ ड्रोन, ३२ हजार कोटी, अमेरिकेने लुटलं. करार ऑक्टोबर २०२४ चा; विषय शिळा झाला, तरी दर रविवारी त्याला फोडणी बसतेच.

मी इकडे कॅनडात नुकताच ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आत आलो होतो, हातात डबल-डबल, म्हणजे दुप्पट साय-साखरेची कॉफी. राहवेना. लिहिलं, भावोजी, त्याच अमेरिकन कंपनीचे, त्याच एमक्यू-९बी जातीचे ११ ड्रोन कॅनडाने डिसेंबर २०२३ मध्ये घेतले, २४९ कोटी कॅनेडियन डॉलरला. भागाकार करा. आमचा एकेक तुमच्याहून महाग पडला! (सुटे भाग, शस्त्रं, तळांचं बांधकाम यांची बेरीज दोन्हीकडे वेगळी, हे मात्र लिहिलं नाही. वाद जिंकायचा होता.)

शिवाय पहिला येणार २०२८ मध्ये, सगळे सज्ज व्हायला २०३३. कॅनडाच्या ध्रुवाकडच्या उत्तरेत नेहमीची यंत्रं चालत नाहीत. दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्तावर, ते तिथून पार क्षितिजाला टेकतात. ड्रोनचा लगाम त्यांच्याच हाती, तो सुटतो. पंखांवर बर्फ धरतो, होकायंत्र भरकटतं. ड्रोन राहणार ग्रीनवूड आणि कोमॉक्सच्या हवाई तळांवर, चालवणारे बसणार इथे ओटावात, आणि नजर इनुविक, इकालुइट या उत्तर टोकाच्या गावांपलीकडच्या समुद्रावर. ठरवण्यातच जवळजवळ दोन दशकं गेली, तरी कुणी गळा काढला नाही. ‘ही प्रौढ लोकशाही,’ असं ठोकूनही दिलं. खरं तर इथे कुणाचं लक्षच नव्हतं.

आणखी एक गंमत दाबून ठेवली. उत्तरेकडच्या बेटांमधून जाणारा वायव्य सागरी मार्ग आमच्या हद्दीतला, असं कॅनडा म्हणतो. अमेरिका म्हणते, तो सगळ्यांना खुला. आणि त्यावर पाळत ठेवणारा डोळा अमेरिकेचाच. २०२५ मध्ये अमेरिकेशी आयातकरावरून भांडण झालं, तेव्हा एलसीबीओच्या, म्हणजे इथल्या सरकारी दारू दुकानांच्या, फळ्यांवरून अमेरिकन बर्बन व्हिस्की उतरवली. ड्रोनचा करार तेवढा टिकला.

शेवटी हुकमाचं पान टाकलं: ९३ मध्ये मुंबईच्या स्फोटांचं आरडीएक्स शेखाडीला उतरलं, आपल्याच रायगडात. २००८ मध्ये २६/११ च्या अतिरेक्यांना घेऊन ‘कुबेर’ बोट आली. आपला किनारा स्वस्तात राखायचा का?

भावोजींचं उत्तर दोन ओळींचं. ‘शेखाडीला ड्रोन कमी पडला नव्हता रे. पोलीस नि कस्टमवाल्यांतलेच काही फितूर होते. आणि किनारा आपला, तर ड्रोन तेवढा तुमचा कसा?’

ग्रुपवर मागे जाऊन माझाच मेसेज वाचला. ‘आमचा एकेक तुमच्याहून.’ कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन नऊ वर्षं झाली, मत इथे देतो, कर इथे भरतो. चुकीचं काही नव्हतं. तरी ‘आमचा’ खोडून ‘कॅनडाचा’ केलं. खाली ‘एडिटेड’ उमटलं, ते ताईने सगळ्यात आधी पाहिलं.