ओल्वेराच्या चढावरून आलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. व्हिया वेर्दे म्हणजे स्पेनमध्ये बंद पडलेल्या किंवा कधी न वापरलेल्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या सिएराच्या व्हिया वेर्देवरच्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देतो: "रहदारीमुक्त म्हणता, पण वाटेत ट्रॅक्टर आडवे आले. रेल्वेचा सौम्य चढ म्हणता, पण ओल्वेरा गावात सायकल ढकलत न्यावी लागली. ऑगस्टमध्ये पाण्याचे हाल झाले. भाड्याच्या सायकलला २८ मिमीचे टायर होते, हात बधिर झाले. आणि याला ग्रॅव्हल (खडी-मातीच्या वाटांवरचं सायकलिंग) म्हणायचं? हा तर पोराबाळांना फिरवायचा मुरमाचा रस्ता. खरं ग्रॅव्हल इटलीतल्या तोस्कानात."

चढापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावरच ठरतात. पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा मार्ग हेरेस–अल्मार्खेन रेल्वेसाठी १९२०च्या दशकात खोदायला घेतला होता. काम अर्धवट राहिलं आणि त्यावरून गाडी कधीच धावली नाही. पण आखणी आगगाडीसाठीची, म्हणजे दोन-तीन टक्क्यांच्या वर चढायचं नाही. डोंगर आडवा आला की बोगदा, नदी आडवी आली की पूल. म्हणून एवढ्याशा अंतरात ३० बोगदे आणि ४ मोठे पूल. अशी वाट दरीचा तळ सोडत नाही. गावं मात्र दरीत नाहीत. ओल्वेरा हा १३२७ पर्यंत ग्रानादाच्या नासरी या मुस्लिम घराण्याच्या राज्याचा सीमेवरचा किल्ला होता. शत्रू लांबून दिसावा म्हणून गाव टेकडीच्या डोक्यावर वसलं आणि स्टेशन खाली राहिलं. तुम्ही सायकल ढकललीत तो तुकडा व्हिया वेर्देचा नाहीच, तो स्टेशन ते गाव हा जोडरस्ता आहे. कोर्दोबाकडच्या सुएरोसलाही तेच: तेलाची व्हिया वेर्दे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या मार्गावरून जाताना गाव वर कड्यावर चिकटलेलं दिसतं आणि तिथे पोचायला दमवणारा घाट चढावा लागतो.

सौम्य वाटेच्या टोकाला असा चढ आहे हे माहीत असेल तर गिअर त्या चढासाठी निवडायचे, वाटेसाठी नाही. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, चढ १० टक्के. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला ३४ दात असतील तर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्यांनी ताशी आठेक किलोमीटर वेग मिळतो आणि साधारण २०० वॉट लागतात. तेच पुढे ४० आणि मागे सर्वांत मोठं चक्र २८चं असेल, तर त्याच फेऱ्यांना २९० वॉटच्या आसपास. हे बहुतेकांना पाच मिनिटंही झेपत नाही. भाड्याने सायकल घेताना लोक सीट घट्ट आहे का बघतात, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात मोजत नाहीत. ते मोजा. पुढच्या लहान चक्राइतके किंवा त्याहून जास्त हवेत.

आता ट्रॅक्टर. स्पेनमध्ये व्हिया वेर्दे कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू झाला, आणि त्यात मोडणाऱ्या मार्गांवर मोटारींना बंदी आहे. पण देखभालीची गाडी आणि वाटेलगतच्या शेतांना जाण्याचा दुसरा रस्ता नसलेले शेतकरी यांना मुभा असते. शिवाय शेतरस्ते मार्गाला ठिकठिकाणी छेदतात. जैतुनाची (ऑलिव्हची) तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. त्या काळात हाएन ते पुएन्ते हेनिल या १२८ किलोमीटरच्या तेलाच्या मार्गावर जाळी आणि ट्रेलर घेऊन फिरणारे ट्रॅक्टर जागोजागी छेद ओलांडताना भेटणारच. त्या मुलखात जैतुनाशिवाय फारसं काही दिसत नाही, आणि आपण त्यांच्या कामाच्या जागेतून सुट्टी घालवायला जातो. वेगाने मागून येणारी मोटार नसणं, हा रहदारीमुक्त शब्दाचा व्यवहारातला अर्थ. तो इथे पुरेपूर लागू आहे.

ट्रॅक्टरपेक्षा जास्त लोक आपटतात ते खांबांवर. मोटारी शिरू नयेत म्हणून प्रत्येक छेदाशी वाटेच्या मधोमध खांब किंवा नागमोडी कठडे असतात. दोघं मागेपुढे चिकटून उतरत असले की मागच्याला खांब दिसतच नाही. पुढचा शेवटच्या क्षणी बाजूला होतो आणि मागचा सरळ त्यावर. छेदाची पाटी दिसली की अंतर वाढवा आणि मोठ्याने सांगा.

बोगद्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी त्या वाटेवरचा खरा धोका तोच. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. लांब बोगद्यांत दिवे आहेत, पण ते चालू असतीलच असं धरून चालू नये. पुढे किमान ३०० लुमेनचा दिवा आणि मागे लाल दिवा, दोन्ही हवेत. उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर वेग ताशी १०–१२च्या आत ठेवा. उन्हात आपोआप काळी होणारी काच आत गेल्यावर लगेच उजळत नाही, तेव्हा चष्मा बोगद्याच्या तोंडाशीच काढा. वरून पाणी ठिबकतं तिथे वाट खचलेली किंवा निसरडी असते. आणखी एक गंमत: सकाळी पुएर्तो सेरानोहून निघालात तर तोंड पूर्वेला, संध्याकाळी परतताना पश्चिमेला. बोगद्यातून बाहेर पडताना दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांत. तरीही सुरुवात पुएर्तो सेरानोहूनच करावी असं माझं मत आहे, कारण ते टोक खालचं आहे आणि परतीचा प्रवास उताराचा होतो. दोन्ही गावांना रेल्वे नाही. जाऊन-येऊन ७२ किलोमीटर, नाहीतर टॅक्सी आधी ठरवून ठेवा.

ऑगस्टचं म्हणाल तर त्या महिन्यात जाऊच नये. गेलातच, तर घड्याळाचा फरक डोक्यात ठेवा. आपल्याकडे माध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते. ओल्वेरा लंडनच्याही पश्चिमेला, पण घड्याळ मध्य युरोपचं आणि वर उन्हाळी वेळ, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो जवळजवळ अडीचला. सर्वांत तापलेली वेळ संध्याकाळी पाच-सहाची. 'चारनंतर निघू' हा आपला हिशेब तिथे उलटा पडतो. उलट ऑगस्टच्या मध्यावर सूर्य उगवतोच साडेसातनंतर. पहाटे अंधारात दिवे लावून निघायचं आणि दुपारी एकच्या आत सावली गाठायची, एवढाच मार्ग उरतो. पाणी तासाला पाऊण लिटर तरी लागतं, म्हणून अडीच लिटर बरोबर. स्टेशनांवरची खानावळ उघडी असेलच या भरवशावर राहू नका. गावातली दुकानं साधारण दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बहुधा दिवसभर. झऱ्यावर 'आग्वा नो पोताब्ले' (पाणी पिण्याजोगं नाही) असेल तर पाणी पिऊ नका, डोक्यावर ओता. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हेच खरे महिने.

पण या महिन्यांत पाऊस येऊ शकतो. तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो. ओल्वेराच्या दक्षिणेला असलेलं ग्रासालेमा हे स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, वर्षाला सुमारे २००० मिमी. रेल्वेचा भराव निचऱ्याचा, एका दिवसात वाळतो. शेतातल्या वाटांचं तसं नाही. त्या भागात 'बुखेओ' नावाची काळी चिकण माती आहे, मृदाशास्त्रात व्हर्टिसॉल, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या मातीच्याच वर्गातली. भिजली की फुगते, टायरला थर चढत जातो, चाक धरणारा फ्रेमचा काटा (फोर्क) आणि टायर यांच्यामधली फट भरते आणि चाक जाम होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मागच्या चाकात ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, गावच्या दुकानात मिळत नाही. स्वतःच्या सायकलचा एक सुटा बरोबर ठेवा. चिखलात मडगार्ड काढून टाका. पाऊस थांबल्यावर या वाटांना दोन-तीन दिवस ऊन मिळू द्या.

टायरचं उत्तर सोपं आहे. २८ मिमीचा टायर ६ बारने भरला की प्रत्येक खडा मनगटात जातो. ट्यूब असताना दाब फार उतरवताही येत नाही, नाहीतर रिमच्या कडेने ट्यूब चिमटून दोन समांतर छेद पडतात. ७० किलोच्या स्वाराला ४० मिमी ट्यूबलेसमध्ये २.२ ते २.५ बार (३२–३६ पीएसआय), ट्यूब असेल तर २.८ बार. मागे थोडा जास्त, पुढे थोडा कमी. काटेरी झुडपं वाटेवर छाटून पडतात, म्हणून प्रत्येक टायरमध्ये ६० ते ८० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ठेवा. कोरड्या हवेत ते दोनेक महिन्यांत सुकतं, निघण्यापूर्वी व्हॉल्व्ह उघडून तपासा.

राहिला 'खरं ग्रॅव्हल' हा मुद्दा. तोस्कानातले पांढरे रस्ते सुंदर आहेत यात वाद नाही. सिएनाजवळचा ले तोल्फेचा टप्पा १८ टक्क्यांपर्यंत चढतो आणि २००७ पासून व्यावसायिक शर्यत त्या भागातून जाते. पण ते सार्वजनिक रस्ते आहेत. द्राक्षमळ्यांच्या गाड्या, पर्यटकांच्या मोटारी आणि त्यांचा धुरळा तिथे रोजचाच. तुम्ही एकाच प्रतिक्रियेत ट्रॅक्टरची तक्रार करता आणि तोस्कानाची शिफारसही करता. दोन्ही एका ठिकाणी मिळत नाही.

तीव्र चढ हवेत आणि मोटारी जवळजवळ नकोत, असं हवं असेल तर व्हिया वेर्दे हा कणा धरून बाजूच्या वाटांनी वर चढावं. ईशान्य स्पेनमधल्या जिरोनाजवळ हे छान जमतं. ओलोत ते जिरोना ५४ किलोमीटर आणि जिरोना ते सांत फेलिऊ दे गिशोल्स ४० किलोमीटर, दोन्ही १९६९ मध्ये बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे मार्ग. दुसऱ्याला लागून गावार्रेसचा डोंगर आहे, उंची ५०० मीटरच्या थोडी वर, बुचाच्या ओकचं जंगल आणि जंगलवाटांचं जाळं. चढ लहान पण खडे. उन्हाळ्यात मात्र वणव्याच्या धोक्याची पातळी रोज जाहीर होते आणि सर्वांत वरच्या पातळीला डोंगरात जाणंच बंद होतं. आदल्या संध्याकाळी नकाशा बघा.

आंदालुसियात बाजूच्या वाटा निवडताना 'व्हिया पेकुआरिया', म्हणजे गुराढोरांचे जुने मार्ग शोधा. १९९५च्या कायद्याने ते सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यातला सर्वांत रुंद प्रकार, कान्यादा, ७५ मीटरपर्यंत असू शकतो, मग जमिनीवर प्रत्यक्षात एकच चाकोरी का दिसेना. त्यांवर फाटकं असतात. फाटक दिसलं म्हणजे वाट खासगी असं समजू नका, पण कुलूप असेल तर वरून उडीही मारू नका. उघडून गेलात तर मागे लावून घ्या, गुरं बाहेर पडली तर मालकाचा दिवस वाया जातो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर ट्रॅकटाइप, म्हणजे कच्च्या वाटेची प्रत, बघा: ग्रेड १ पक्का, ग्रेड ५ नुसती माती. पावसानंतर ४ आणि ५ टाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवारी रानात रानडुकरांची शिकार चालते. वाटेवर 'कासेरिया' किंवा 'बातिदा' असा तात्पुरता फलक दिसला की तिथूनच मागे फिरा.